कुणी कुणाला टाकलं

मी अंगणवाडीत सेविका आहे. सकाळी पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, वजनं घ्यायची, खिचडी खाऊ घालायची, गरोदर बायांच्या घरी चकरा मारायच्या, आणि हे सगळं मोबाईलवर भरायला रेंज शोधत पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभं राहायचं. एवढं करून जे मिळतं त्याला सरकार मानधन म्हणतं. म्हणजे मान आधी, धन जमेल तसं. आणि आमच्या गावातल्या ज्या म्हाताऱ्यांना निराधार योजनेतून घरबसल्या पैसे येतात, त्याला अख्खं गाव पगार म्हणतं. 'पगार झाला का गं?' असं त्या बँकेच्या पायरीवर एकमेकींना विचारतात आणि मी शेजारून मानधनाची चौकशी करायला आत जाते. याचा मला राग येत नाही असं नाही. चांगला येतो. तरीपण घरातल्या एका बाईसाठी हाच पगार मिळवायला मी दोन-तीन महिने जीव काढला, त्याची ही गोष्ट.

ती बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. आमचं गाव परंड्यापासून जवळच आहे. मी लग्न होऊन इथं आले त्याच्या कितीतरी आधीपासून आत्या या घरात आहेत. मला बघायला आले होते तेव्हाच मध्यस्थानं माझ्या वडिलांच्या कानावर घातलं होतं, "घरात एक टाकलेली आत्या हाय. बाकी काय भानगड न्हाय." म्हणजे आत्या ही भानगड होती, पण किरकोळ.

नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणजे ना धड सवाष्ण ना धड विधवा. आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला आत्यांना बोलावतात, कुंकू लावतात, पण ओटी भरायची वेळ आली की ताट पुढच्या बाईकडं सरकतं. तोवर आत्या पदर सावरून उठलेल्याच असतात, त्यामुळं कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. लोक त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतात. 'बिचारी' हा शब्द तर त्यांच्या नावाला असा चिकटलाय की मला पहिली दोन वर्षं ते आडनावच वाटायचं.

पण बिचारीनं भावाच्या घरात कधी फुकट खाल्लं नाही. खुरपणी, उडदाची काढणी, ज्वारीची काढणी, जे निघेल त्याला त्या जायच्या आणि येताना तेलाची पिशवी नाहीतर चहापत्ती घेऊन यायच्या. मी नको म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत. मग त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाला, आता खाली बसायचं काम बंद. रानातलं कुठलं काम उभ्यानं होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर मला एक गोष्ट दिसली. दोन भाकरी खाणाऱ्या आत्या एकीवर आल्या. भूक न्हाय म्हणाल्या. कामाला जायचं बंद झालं त्याच आठवड्यात भूक कशी जाते? मी खोदून विचारलं, "आत्या, आमी काय परके हाव का?"

"परकं न्हाय गं. पर हातात काय नसलं की घास तोंडात फिरतो."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. आमच्या घरात कुणी कुणाच्या ताटात बघत नाही. पण त्या स्वतःच्याच ताटात बघत बसल्या, त्याला मी काय करणार? तेव्हा मी ठरवलं, आत्यांना पगार चालू करायचा. स्वतःचे पैसे आले की दुसरी भाकरी ताटात येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तहसीलसमोर सेतू केंद्र आहे, तिथल्या माणसानं मला शहाणं केलं. सरकारला निराधार माणूस असा नुसता चालत नाही. तो कुणामुळं निराधार झाला ते लागतं. म्हातारपण म्हणावं, तर आधार कार्डावर आत्यांचं वय कमी लागलेलं. कार्ड काढताना जन्मतारीख विचारली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मोठ्या दुष्काळाच्या लई आधी. ऑपरेटरनं आपल्या मनानं एक जानेवारी टाकून त्यांना तरुण करून ठेवलं. विधवा म्हणावं, तर नवरा भूमच्या पलीकडं, वाशी तालुक्यातल्या त्याच्या गावात धडधाकट. पोटी पोरगं नाही, ही गोष्ट मात्र आयुष्यात पहिल्यांदा आत्यांच्या बाजूनं धरली गेली. राहता राहिला एक रकाना, परित्यक्ता.

"परित्यक्ता म्हणजे?" मी विचारलं.

"टाकलेली."

"मग ती घरातच आहे की," मी म्हणाले, आणि मला आनंद झाला. काय सांगू, खरंच झाला.

पण आत्या आमच्या रेशनकार्डावर होत्या. म्हणजे त्या आमच्या आधारानं होत्या, म्हणजे निराधार नव्हत्या. भाच्याचा टेम्पो आहे, भाचसुनेला मानधन आहे, अशी बाई निराधार कशी? त्यामुळं त्यांचं नाव काढून वेगळं कार्ड करणं आलं. रेशनच्या भाषेत याला नाव कमी करणं म्हणतात. कार्ड आत सरकवलं तसं खिडकीतल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "कुणाला कमी करायचंय?"

"मला," माझ्यामागून आत्या म्हणाल्या.

कार्डं दोन झाली, चूल एकच राहिली. निराधार ठरायला आधार कार्डाच्या झेरॉक्स लागतात, हा विनोद तहसीलच्या आवारात रोज कुणीतरी करतं. त्या दिवशी मी केला. कुणी हसलं नाही.

मग तलाठी चौकशीला आले. ग्रामपंचायतीत खुर्च्या मांडल्या. तलाठी कोवळे, नवीनच लागलेले, आत्यांना आजी म्हणणारे. पंच म्हणून पोलीस पाटील आणि एक माजी सरपंच. दोघंही आत्या माहेरी परत आल्या तेव्हा गावात असलेले. घरून निघताना मी आत्यांना पढवलं होतं, विचारतील त्याला व्हय म्हणा, बाकी मी बघते.

तलाठ्यांनी कागदावर बघत विचारलं, "आजी, तुम्हाला तुमच्या नवऱ्यानं टाकलंय, बरोबर?"

"न्हाय," आत्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं, आजींना ऐकू आलं नाही. त्यांनी तेच मोठ्यानं विचारलं.

"ऐकू येतंय मला. त्येनं न्हाय टाकलं. म्या टाकलं त्येला."

पोलीस पाटलांनी हातातला चहा खाली ठेवला. मी आत्यांचा पाय माझ्या पायानं दाबला. त्यांनी तो हळूच बाजूला घेतला.

"काय बोलती गं तू?" माजी सरपंच म्हणाले. "साऱ्या गावाला ठावं हाय, तुला टाकलेली."

"गावाला ठावं आसंल. पर नांदायला म्या गेलते, गाव न्हाय."

तलाठ्यांची पंचाईत झाली. त्यांनी पेन सरसावून एकेक कारण पुढं केलं, एखादं तरी लागू पडेल म्हणून. "मारत होता का?"

"न्हाय."

"दारू?"

"माळकरी घर हाय त्ये."

"दुसरी बाई?"

"ती मागनं आणली, म्या आल्यावर. आणायचीच की त्येनं. घरचं कोण बघणार?"

"मग कारण काय, आजी?"

"करमलं न्हाय."

तलाठी माझ्याकडं बघायला लागले. "कारणात 'करमलं नाही' असं लिहू?"

"लिवा की," आत्या म्हणाल्या.

बिचारा पोरगा. हो, त्या दिवशी तोच बिचारा होता. पेन बंद करून तो समजावायला लागला, "आजी, नवऱ्यानं टाकलेली बाई असा रकाना आहे. नवऱ्याला टाकलेली बाई असा रकाना शासनानं काढलेलाच नाही. तुम्हाला बसवू कुठं?"

घरी आल्यावर मी भांडी आपटली. माझा स्वभाव तसा आहे, त्याला इलाज नाही. "एका व्हयनं काय बिघडत होतं?" मी म्हणाले. "लोक जित्या नवऱ्याला मेलेला दाखवून पगार खातात. आणि तुम्ही? चाळीस वर्षं सगळे टाकलेली म्हणत होते तेव्हा गप बसलात, आणि नेमकं सरकारपुढं खरं बोलायचं सुचलं?"

"आजवर मला कुणी इचारलंच न्हवतं," आत्या म्हणाल्या. "सांगत व्हते सगळे. इचारलं त्या पोरानंच."

माझा नवरा जेवत होता, त्याचा हात ताटातच थांबला. लहानपणापासून तो आत्यांच्या नवऱ्याला मोठं झाल्यावर बडवणार होता. सगळी उमेद त्यावर बांधलेली. त्यानं विचारलं, "आत्ते, खरं काय ते तरी सांग."

मग त्यांनी सांगितलं, तेही तांदळातले खडे काढता काढता. सासरी सासू भाकरी मोजून द्यायची. रानातनं आलं की दीड भाकरी. त्याच्यावर मागितली तर घरभर चर्चा, आणि नवरा खाली मान घालून आपल्या ताटातलं खायचा. मारत नव्हता, बोलत नव्हता, काहीच करत नव्हता. "एक दिस डोक्यावर वैरणीचा भारा व्हता. त्यो दारात टाकला आन् तशीच स्टँडवर गेले," त्या म्हणाल्या. "भांडले बी न्हाय कुणासंगं. न्यायला आलता त्यो. दोन-तीनदा आला. म्या न्हाय म्हणलं."

"मग टाकलेली कुणी केलं तुम्हाला?" मी विचारलं.

केलं होतं त्यांच्या भावानं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ते आता नाहीत. त्यांनी तेव्हा हिशेब केला असणार की बहीण नवरा सोडून आली म्हटलं तर घराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि टाकली म्हटलं तर निदान लोक हळहळतील. आत्या म्हणाल्या, "म्या म्हणलं, दादा, काय म्हणायचं त्ये म्हण. घरात राहू देतूस न्हवं, मग झालं." तिकडं नवऱ्याच्या गावातही तीच गोष्ट चालली, कारण बायको निघून गेली म्हणण्यापेक्षा हाकलली म्हटलेलं त्याला शोभत होतं. दोन्ही गावांना सोयीची गोष्ट होती. गैरसोय एकटीची होती.

मला एवढं कळलं, पण माझा हेका सुटला नाही. खरं ते खरं, पण खऱ्यावर भाकरी मिळत नाही. मी तलाठ्यांना फोन केला. त्यांनी तोड काढली. नवऱ्याचाच जबाब आणा, 'मी तिला टाकलं' एवढं त्यानं लिहून दिलं की आजींचं म्हणणं काही का असेना. म्हणजे बाईचं लग्न कसं मोडलं हे बाईला विचारायची मुळात गरजच नव्हती. आमचाच वेळ गेला.

आत्यांना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा. लिवून दील त्यो. जलमभर त्येच सांगत हिंडलाय." आणि दुसरं ताट निवडायला घेतलं. त्यात एकही खडा नव्हता.

भूमवरून वाशीकडं आम्ही मोटारसायकलवर गेलो. म्हातारा मारुतीच्या कट्ट्यावर सापडला. पांढरंशुभ्र धोतर, भरघोस मिशा, भोवती त्याच्याच वयाची चार-पाच माणसं. ती दुसरी बायको दोन वर्षांखाली वारली होती. माझ्या नवऱ्यानं ओळख सांगितली. म्हातारा जरा चपापला, पण कामाचं काय ते कळल्यावर त्याची छाती फुगली.

"व्हय, म्याच टाकली," तो कट्ट्याला ऐकू जाईल असा म्हणाला. "वागणूक बराबर न्हवती. बायकूनं ऐकलं न्हाय तर वाट दाखवायची. आपला कारभार आसा हाय."

कट्टा मान डोलावत होता. मीही डोलावली. मला त्याच्या तोंडून हेच पाहिजे होतं, म्हणून पदराखाली मुठी आवळून मी ऐकत राहिले. पगारासाठी माणूस काय काय ऐकून घेतो.

आमच्या तलाठ्यांचा फोन झालेला होता, त्यामुळं तिथले तलाठी आणि पोलीस पाटीलही आले. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा कुठूनतरी येऊन मागं उभा राहिला. तलाठ्यांनी कागद मांडीवर घेऊन लिहायचं ते आधी वाचून दाखवलं, "मी माझ्या प्रथम पत्नीस टाकून दिले असून तिच्या उदरनिर्वाहाची कोणतीही सोय केलेली नाही. बरोबर?"

"बराब्बर," म्हातारा म्हणाला.

"आबा, थांबा जरा," मुलगा म्हणाला. "उदरनिर्वाह म्हंजे पोटगी. उद्या कोर्टात गेली तर रानात वाटा मागंल."

म्हाताऱ्यानं तलाठ्यांकडं बघितलं. "टाकली म्हणलं की द्यावी लागती का?"

"मागितली तर कायदा आहे," तलाठी म्हणाले.

म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला. "मग लिवा. म्या न्हाय टाकली. तीच गेली मला सोडून. तीन डाव न्यायला गेलतो, आली न्हाय."

कट्ट्यावर एकजण फिस्सकन हसला. माझ्या नवऱ्यानं डोक्याला हात लावला. मला मात्र राहवलं नाही. "आत्ता तर म्हणालात टाकली म्हणून," मी म्हणाले. "चाळीस वर्षं मिरवलं ते काय होतं?"

"बाई," म्हातारा शांतपणे म्हणाला, "मिरवायला पैसं पडत न्हाईत."

आणि त्यानं जबाबाखाली अंगठा उठवला. चाळीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा खरं निघालं, आणि ते नेमकं आमच्या मुळावर आलं. परतताना भूमला चहाला थांबलो तेव्हा नवऱ्याला हसू फुटलं. हसता हसता त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली. मी रडत होते. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, तेवढी सोय होती.

घरी गेल्यावर मी एवढंच म्हणाले, "न्हाय जमलं, आत्या." त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि मी तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या, म्हणून मीही सांगितलं नाही. भाकरी एकच राहिली.

काही आठवड्यांनी तालुक्याहून कागद आला. दुपारची वेळ, गल्लीतल्या बाया आपापल्या दारात सावलीला बसलेल्या. आत्या आत भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत. त्यांना वाचता येत नाही. मी सांगितलं, कागद आलाय, अर्ज गेला.

"काय लिवलंय त्ये तर वाच."

मला वाचवेना. पण त्या वाट बघत होत्या, म्हणून वाचलं. "अर्जदार महिलेच्या पतीचा जबाब पाहता, पतीने तिचा त्याग केलेला नसून सदर महिला स्वखुशीने पतीचे घर सोडून गेल्याचे, तसेच पती वेळोवेळी नेण्यास आला असता तिने नकार दिल्याचे सिद्ध होते. सबब सदर महिला परित्यक्ता या व्याख्येत बसत नसल्याने अर्ज अपात्र ठरविण्यात येत आहे."

आत्यांचा हात गुडघ्यावर थांबला. "ह्ये कुणी सांगितलं त्यास्नी?"

"तुमच्या नवऱ्यानं."

"त्येनं?"

"व्हय. कट्ट्यावर, चारचौघांत. पोलीस पाटील होते, तलाठी होते, त्याचा मुलगा होता. अंगठा दिला खाली." मग मला राहवेना, म्हणून सांगून टाकलं, "पोटगीच्या भीतीनं बोलला तो, आत्या. मनापासून नाही."

"कशानं का बोलंना. बोलला न्हवं."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "स्वखुशीनं म्हंजे?"

"आपल्या मनानं."

"आपल्या मनानं," त्या म्हणाल्या. "आन् खाली शिक्का हाय का सरकारचा?"

"हाय."

त्यांनी कागद मागून घेतला. तेलकट बोट पदराला पुसलं आणि शिक्क्यावरून फिरवलं. "म्हंजे पगार न्हाय," त्या म्हणाल्या.

"न्हाय."

"बरं." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "परत वाच. आन् हितं नगं. भाईर जाऊन वाच, मोठ्यानं."

मी ओसरीवर गेले, आणि सगळी गल्ली बघत असताना पहिल्यापासून परत वाचलं, अपात्रसकट.